जर्मनीत शिकायला आलेल्या मुलांसाठी मंडळाचा मदतगट पुन्हा सुरू करताना

जर्मनीतल्या अनेक मराठी मंडळांत एके काळी विद्यार्थी मदतगट चालायचा. पुढे चालवणाऱ्यांच्या नोकऱ्या बदलल्या, घरात लहान मुले आली, करोनाची दोन वर्षे गेली आणि काम थांबले. आता तीच माणसे पुन्हा उभी राहू पाहत आहेत, हे फार चांगले आहे. फक्त एक ध्यानात ठेवावे. नवख्याला आपल्याला काही माहीत नाही याची जाणीव असते, म्हणून तो विचारतो. पुन्हा उतरणाऱ्याला सगळे ठाऊक असते, पण ते त्याच्या काळातले असते. मुले दादा-ताईंच्या शब्दावर विश्वास ठेवून पैसे भरतात, करार करतात. म्हणून कामाची सुरुवात स्वतःची माहिती तपासण्यापासून करायची.

जुनी माहिती आधी बाजूला ठेवा

काय काय बदलले ते पाहा. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायच्या आणि महिन्याला ठरावीक रक्कमच देणाऱ्या खात्यात, २०२२ साली महिन्याला ८६१ युरो या हिशेबाने वर्षाचे १०,३३२ युरो भरावे लागत. २०२३ मध्ये महिन्याचे ९३४ झाले. १ सप्टेंबर २०२४ पासून ९९२ झाले, म्हणजे वर्षाचे ११,९०४ युरो. भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हिसासाठी एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचे, प्रमाणपत्र १ नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचे आहे. त्याआधी आलेल्यांना ते नावानेही माहीत नसते. विद्यार्थ्यांच्या कामाची मर्यादा वर्षाला १२० पूर्ण किंवा २४० अर्धे दिवस होती, मार्च २०२४ पासून ती १४० किंवा २८० आहे. मिनीजॉबची, म्हणजे कमाईची मर्यादा असलेल्या छोट्या नोकरीची, महिन्याची कमाल कमाई २०२४ मध्ये ५३८ युरो होती, २०२५ मध्ये ५५६ झाली, २०२६ पासून ६०३. डॉइचलांड तिकीट, म्हणजे देशभरातल्या स्थानिक बस-गाड्यांचा महिन्याचा पास, मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाले आणि २०२६ पासून ६३ युरोंना मिळते.

यावर उपाय साधा आहे: एकच सामाईक तक्ता. प्रत्येक ओळीत नियम, तो सरकारी किंवा विद्यापीठाच्या कोणत्या पानावर पाहिला, कोणत्या तारखेला पाहिला आणि कोणी पाहिला. रकमा बहुधा जानेवारीत बदलतात, म्हणून तक्ता वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, वरपासून खालपर्यंत तपासायचा. तारीख सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर ती ओळ मुलांना सांगायची नाही, पान उघडून पुन्हा बघायची. व्हॉट्सॲपवरचे जुने संदेश पुढे ढकलणे पूर्ण बंद. सर्वात जास्त नुकसान त्यानेच होते, कारण संदेशावर तो पुढे पाठवल्याची तारीख दिसते, लिहिल्याची नाही.

काय करायचे नाही, हे आधी ठरवा

हे कागदावर लिहून मंडळाच्या कार्यकारिणीकडून मंजूर करून घ्या. समोर रडवेला झालेला मुलगा असताना नाही म्हणणे जड जाते, आणि त्या क्षणी ‘हा गटाचा नियम आहे’ एवढे म्हणता येणे फार मोलाचे असते.

पहिली गोष्ट पत्त्याची. इथे राहायला आल्यावर पत्त्याची सरकारी नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. ‘दादा, आनमेल्डुंगसाठी तुमचा पत्ता वापरू का? राहणार दुसरीकडेच आहे,’ ही विनंती दर वर्षी येते. नाहीच म्हणायचे. न राहणाऱ्याला नोंदणीसाठी पत्ता देणे हा नोंदणी कायद्याचा भंग आहे आणि पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. मुलगा खरोखर तुमच्या घरी काही आठवडे राहायला येत असेल तर गोष्ट वेगळी. मग घरमालकाची परवानगी घ्या आणि रीतसर नोंदणी करा.

दुसरी, हमीपत्र. परदेशी नागरिक कार्यालयात दिलेली खर्चाची हमी साधारण पाच वर्षे बांधून ठेवते, मध्येच मागे घेता येत नाही. भाड्याला जामीन राहणे त्याच जातीचे. ज्याला स्वतःच्या जबाबदारीवर करायचे असेल त्याने करावे, पण गटाच्या नावाने ते होणार नाही.

तिसरी, कायदेशीर सल्ला. जर्मनीत कायदेविषयक सेवेचा कायदा २००८ पासून लागू आहे आणि तो मोफत सल्ल्यालाही लागतो. नातेवाईक, शेजारी, जवळचे मित्र यांच्यापलीकडे कोणाला त्याच्या प्रकरणात कायदेशीर सल्ला द्यायचा असेल तर त्यामागे पात्र वकिलाचे मार्गदर्शन लागते. म्हणून कार्यालयाचे पत्र वाचून दाखवणे, त्याचा अर्थ मराठीत सांगणे, मुदत कॅलेंडरवर लावून देणे, सोबत जाणे, हे करावे. ‘तू असे उत्तर लिही, तुझा व्हिसा वाचेल’ हे सांगू नये. त्यासाठी विद्यार्थी संघटनेचे म्हणजे आस्टाचे कायदा सल्ला केंद्र बहुतेक विद्यापीठांत असते आणि ते मोफत असते. त्याच्या वेळा तुमच्या तक्त्यात हव्यात.

चौथी, कागदपत्रे. पासपोर्टच्या, व्हिसाच्या, बँकेच्या प्रती गटाच्या व्हॉट्सॲपवर मागवायच्या नाहीत. फॉर्म भरायला मदत करताना मुलाच्याच लॅपटॉपवर भरा.

माणसे किती आणि कोणती

वर्षाला तीस-चाळीस मुले येत असतील तर सहा माणसे पुरतात. त्यांपैकी दोन अलीकडेच, म्हणजे गेल्या दोन वर्षांत, शिक्षण संपवलेली हवीत. विद्यापीठाचे पोर्टल कसे चालते, वसतिगृहाची प्रतीक्षायादी कुठे अडकते, हे त्यांनाच माहीत असते. जुन्या माणसांची ताकद वेगळी: कार्यालयात ठामपणे बोलणे, डॉक्टरांची ओळख, मोठी गाडी, घरातली एखादी रिकामी खोली. एका स्त्री स्वयंसेविकेचा नंबर मुलींना स्वतंत्रपणे द्यायलाच हवा. घरमालकाचा किंवा कामावरच्या माणसाचा त्रास मुली गटात लिहीत नाहीत.

गट बंद पडतात ते एका माणसाचा फोन सगळ्यांचा होतो म्हणून. आठवड्याची पाळी लावा. त्या आठवड्यात पाळीवाल्यानेच उत्तर द्यायचे, रात्री नऊनंतर फक्त तातडीचे. तातडीचे म्हणजे काय तेही लिहून ठेवा: रुग्णालय, पोलीस, रात्री डोक्यावर छप्पर नसणे, जिवाचे बरे-वाईट करण्याचे बोलणे. ‘उद्या अपॉइंटमेंट आहे, फॉर्म कुठला?’ हे तातडीचे नाही.

कामाचा हंगामही ठरलेला असतो. हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होते आणि तासिका बहुतेक विद्यापीठांत ऑक्टोबरच्या मध्यास. मुले सप्टेंबरच्या सुरुवातीपासून उतरू लागतात. म्हणजे गट जुलैत उभा राहायला हवा. गणेशोत्सव याच सुमारास येतो. आरतीनंतर दहा मिनिटे मागून घ्या, पण माहितीचे भाषण करू नका. पाळीवाल्यांना उभे करून चेहरे दाखवा आणि नव्या मुलांची नावे व शहरातला भाग लिहून घ्या. उन्हाळी सत्र एप्रिलमध्ये सुरू होते, तेव्हा येणारी मुले थोडी असतात आणि म्हणूनच एकटी पडतात.

विमानात बसण्यापूर्वी

येणाऱ्या मुलांशी ऑगस्टमध्ये एक ऑनलाइन बैठक घ्या. पालकांनाही बसू द्या. या बैठकीत सर्वात जास्त वेळ पैशाच्या पहिल्या महिन्यावर घालवा, कारण घोळ तिथेच होतो.

घरी सगळ्यांना वाटते की ब्लॉक्ड अकाउंटमध्ये जवळपास बारा हजार युरो आहेत, म्हणजे मूल सुरक्षित. पण ते खाते इथे आल्यावर सुरू करावे लागते. त्यासाठी कागद लागतात, बहुधा जर्मन चालू खातेही लागते, आणि मग महिन्याला ९९२ युरोच हातात येतात. पहिला हप्ता यायला तीन-चार आठवडे सहज जातात. दरम्यान खोलीचे डिपॉझिट द्यायचे असते. कायद्याने ते मूळ भाड्याच्या, म्हणजे गरम पाणी, हीटिंग वगैरे वगळून जे भाडे असते त्याच्या, तिपटीपर्यंत असू शकते. मूळ भाडे ४०० युरो असेल तर डिपॉझिट १,२०० पर्यंत. ते तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे आणि हे मुलांना कोणी सांगत नाही. भाडे, डिपॉझिट, सत्राचे शुल्क, गादी-पांघरूण, खाणे धरले तर ब्लॉक्ड अकाउंटबाहेर दोन ते अडीच हजार युरो हाताशी असावेत, थोडे रोख आणि बाकी फॉरेक्स कार्डवर.

शिष्यवृत्तीवर येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीसारख्या योजनेत हप्ता खात्यात कधी पडेल यावर मुलाचा ताबा नसतो. मंजुरीपत्राचे इंग्रजी भाषांतर, शक्य असेल तर जर्मनही, सोबत असले पाहिजे. रक्कम आणि कालावधी त्यात स्पष्ट हवा, कारण निवास परवाना वाढवताना पैशाचा पुरावा म्हणून तेच दाखवायचे असते. हप्ता लांबला तर पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाशी ई-मेलवर लेखी पत्रव्यवहार ठेवायला सांगा. ते पत्र इथल्या विद्यापीठाला दाखवून शुल्काची मुदत वाढवून मागता येते.

खोलीबाबत एकच नियम पाठ करून घ्या: खोली किंवा माणूस पाहिल्याशिवाय पैसे नाहीत. ‘मी परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो, डिपॉझिट आधी पाठव’ असे सांगणारा ठग असतो, मग त्याने पासपोर्टची प्रत का पाठवली असेना. ती प्रतही आधीच्या एखाद्या फसलेल्या मुलाची असते. स्थानिक स्वयंसेवकाने जाऊन खोली पाहून यावी. अर्ध्या तासाच्या या मदतीने जे वाचते ते दुसऱ्या कशाने वाचत नाही. पाहायला गेलात की एक प्रश्न विचारा: इथे आनमेल्डुंग करता येईल का, घरमालक राहण्याचा दाखला देईल का? नाही म्हणाला तर खोली कितीही स्वस्त असो, सोडून द्या. वसतिगृहासाठी श्टुडिरेंडनवेर्ककडे, म्हणजे वसतिगृहे चालवणाऱ्या विद्यार्थी सेवा संस्थेकडे, अर्ज प्रवेशपत्र आल्याच्या दिवशीच करायचा.

विम्यात वय बघा. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी आरोग्य विमा विद्यार्थी दराने मिळतो, महिन्याला साधारण दीडशे युरोंच्या आसपास. खासगी विमा स्वस्त दिसतो म्हणून एकदा सरकारी विम्यातून सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत परत येता येत नाही. सत्र सुरू होण्यापूर्वीच्या दिवसांसाठी प्रवास विमा वेगळा हवा.

पहिले पंधरा दिवस

रविवारी दुकाने बंद असतात आणि ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी. शनिवारी रात्री उतरलेल्या मुलाकडे सोमवारपर्यंत खायला काही नसते. म्हणून एक पिशवी तयार ठेवा: तांदूळ एक किलो, तूरडाळ अर्धा किलो, मीठ, हळद, तिखट, तेलाची लहान बाटली, पोहे, दूध, पाव, थोडी फळे. जोडीला एक पातेले, युरोपियन प्लगचा ॲडॉप्टर, साबण, एक चादर. भारतातली गोल तीन पिनांची पिन इथल्या सॉकेटात जात नाही, आणि रात्री अकरा वाजता फोन बंद पडतो तो याच कारणाने.

मग पत्रपेटी. पहिल्याच दिवशी करायचे हे काम सगळ्यांत छोटे आणि सगळ्यांत जास्त चुकणारे. जर्मनीत पत्त्यात बहुधा फ्लॅट क्रमांक नसतो. पोस्टमन पेटीवरचे आडनाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जाते, आणि परत गेल्याचे कोणी कळवत नाही. बँकेचा पिन, विमा कार्ड, करक्रमांक, निवास परवान्याची तारीख, सगळे टपालानेच येते. कागदाच्या पट्टीवर ठळक अक्षरात आडनाव लिहा, पारदर्शक चिकटपट्टीने पेटीवर लावा, दाराच्या घंटीवरही लावा. दुसऱ्याच्या घरात खोली घेतली असेल तर मुख्य भाडेकरूचे नावही पत्त्यात टाकायला शिकवा. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचेही नाव असते, ते दोन्ही मिळून इथे पहिले नाव धरले जाते. बँक, विमा, विद्यापीठ, आनमेल्डुंग सगळीकडे पासपोर्टप्रमाणे एकसारखेच लिहायचे. एका ठिकाणी वडिलांचे नाव गाळले की विमा कंपनीची सूचना विद्यापीठाच्या नोंदीशी जुळत नाही आणि प्रवेश अडकतो.

आनमेल्डुंग राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत. पासपोर्ट, फॉर्म आणि घरमालकाचा दाखला लागतो. भाडेकरार दाखल्याच्या जागी चालत नाही. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट मिळत नाही, तेव्हा सकाळी कार्यालय उघडताना पोर्टल पाहत राहायचे, रद्द झालेल्या वेळा तेव्हा दिसतात. दोन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली तर बुकिंगची तारीख दिसणारा ई-मेल जपून ठेवावा. नोंदणीनंतर काही आठवड्यांत करक्रमांकाचे पत्र येते. ते हरवले आणि मुलाने काम सुरू केले तर कामाचा मालक सहाव्या करवर्गाने, म्हणजे सर्वात जड दराने, कर कापतो.

व्हिसा संपण्यापूर्वी निवास परवान्याचा अर्ज गेला पाहिजे. अपॉइंटमेंट पुढची असली तरी चालते, अर्ज आधीचा हवा आणि तो केल्याचा पुरावा हातात हवा. मुदत उलटल्यावर केलेला अर्ज ही फार मोठी डोकेदुखी होते. मुलाच्या फोनमध्ये तारीख तुम्ही समोर बसून टाकून घ्या, तीही व्हिसा संपण्याच्या दोन महिने आधीची.

रेडिओ-टीव्ही शुल्काचे पत्रही येईल. एका घराला एकच शुल्क असते, महिन्याला १८.३६ युरो. फसवणूक समजून मुले ते फेकून देतात आणि दंड वाढतो. आधीच कोणी भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवायचा, एवढेच.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी

मदतगट बहुधा ऑक्टोबरनंतर शांत होतात आणि खरी गरज तेव्हा सुरू होते. दुपारी साडेचारला अंधार पडतो, पैसे संपत येतात, परीक्षा जवळ येते.

कामाबाबत दोन धोके. रोख पगार आणि दुसऱ्याच्या नावाच्या खात्यावर डिलिव्हरी करणे. दोन्हींत पगार बुडाला तर मागता येत नाही, आणि सापडला तर परवाना मुलाचा जातो. स्वयंरोजगार विद्यार्थी परवान्यात आपोआप बसत नाही, त्यासाठी वेगळी परवानगी लागते. कामाचा करार स्वयंसेवकाने एकदा वाचून दाखवावा. विद्यापीठातले साहाय्यकाचे काम १४० दिवसांत मोजले जात नाही; ते शोधायला प्रोत्साहन द्या. तासिका चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या वर गेले की विम्याचा विद्यार्थी दर्जा धोक्यात येतो.

परीक्षा इथे फक्त अभ्यासाचा प्रश्न नसतो. अनेक विद्यापीठांत सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदा नापास झाले की नाव कमी होते आणि तोच अभ्यासक्रम देशात दुसरीकडे घेता येत नाही. दुसऱ्या अपयशानंतर मुलगा गप्प होतो, घरी सांगत नाही, कार्यक्रमांना येणे बंद करतो. त्याला प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत नेणे, परीक्षेतून नाव काढून घेण्याची शेवटची तारीख बघणे, आजारपण असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेणे, हे तिसऱ्या प्रयत्नाच्या आधी व्हायला हवे. पुढच्या सत्राचे शुल्क बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत भरायचे असते. ते चुकवणे हे कित्येकदा विसरण्यापेक्षा खचल्याचे लक्षण असते.

कोणी जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलला तर सरळ विचारा, जीव देण्याचा विचार येतो का? विचारल्याने विचार येत नाही. हो म्हणाला तर एकटे सोडू नका, ११२ लावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या मानसोपचार आपत्कालीन विभागात सोबत जा. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नका. इतर वेळी श्टुडिरेंडनवेर्कचे समुपदेशन मिळते. दूरध्वनीवरची सेवा ०८०० १११०१११ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, पण ती मुख्यतः जर्मनमध्ये चालते, तेव्हा शेजारी बसून दुभाषी व्हा. दवाखाने बंद असताना साध्या आजारासाठी ११६११७, पोलिसांसाठी ११०.

पालकांचे फोन येतात: ‘दोन दिवस फोन उचलत नाही, जरा बघून या.’ जरूर जावे. पण मुलगा दिसला, बरा आहे, तर ‘भेट झाली, घरी फोन करायला सांगितले’ एवढेच कळवावे. तो सज्ञान आहे. त्याचे गुण, मैत्री, खोलीतली माणसे हे तुम्ही सांगायचे नाही. एकदा सांगितलेत की पुढच्या वेळी तो तुम्हाला दार उघडणार नाही. खरोखर बेपत्ता असेल आणि जिवाला धोका वाटत असेल तर पोलीस, आणि पालकांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवावी.

पैसे आणि मोठी आपत्ती

मंडळ नोंदणीकृत असेल तर आधी घटना काढून वाचा. करसवलत मिळालेल्या संस्थेला पैसे घटनेत लिहिलेल्या उद्देशांवरच खर्च करता येतात. फक्त संस्कृती लिहिले असेल तर मुलाचे भाडे भरणे अडचणीत आणेल. कर कायद्याच्या यादीत शिक्षणाबरोबर विद्यार्थी साहाय्य हा उद्देश आहेच. सर्वसाधारण सभेत तो घालून घ्या आणि त्याआधी मसुदा कर कार्यालयाला दाखवा.

रोख मदत थोडी आणि शक्यतो थेट घरमालक, विमा कंपनी किंवा विद्यापीठाला द्या. दोन सह्या, एक नोंदवही. त्याआधी बाहेरचे मार्ग संपवा. विद्यापीठाचा आणि श्टुडिरेंडनवेर्कचा आपत्कालीन निधी असतो. प्रोटेस्टंट विद्यार्थी समुदायाकडूनही भारतासारख्या देशांतल्या विद्यार्थ्यांना आपत्कालीन मदत मिळते, धर्माची अट नसते. मुले तिथे जायला बिचकतात, सोबत जा.

मृत्यू झाला तर सर्वप्रथम भारतीय दूतावास किंवा आपल्या भागाचे वाणिज्य दूतावास: बर्लिन, फ्रँकफर्ट, हँबर्ग, म्युनिक. कुटुंबाशी बोलायला एकच माणूस, मराठीत बोलणारा. मृत्यूचा बहुभाषिक दाखला, शवलेपनाचे प्रमाणपत्र, पासपोर्ट रद्द होणे, दूतावासाचे ना-हरकत पत्र, ही कामे अंत्यविधी संस्था करते. गटाने मागोवा ठेवायचा. विमा आहे का, दूतावासाच्या समुदाय कल्याण निधीतून मदत होईल का, हे विचारल्यावरच आणि कुटुंबाची लेखी संमती आल्यावरच वर्गणीचे आवाहन करायचे, मंडळाच्या खात्यातून, कोणाच्या वैयक्तिक नावाने नाही. फोटो आणि कारणांच्या चर्चा गटात येऊ देऊ नका. पाळीवाल्याने त्या लगेच पुसाव्यात.

मार्चमध्ये एक बैठक घ्या. खर्चाचा हिशेब कार्यकारिणीला द्या, मुलांची नावे-पत्ते असलेली यादी पुसा, ज्यांना पुढे संपर्क हवा त्यांच्याकडून नव्याने परवानगी घ्या. या वर्षी आलेल्यांपैकी दोघांना पाळीत घ्या आणि एप्रिलच्या मुलांची पहिली पिशवी त्यांच्याकडे द्या.